कस्टम शॉपची रायफल घ्यावी का?

रेमिंग्टन हे नाव आपल्याकडे बंदुकीमुळे नव्हे, टाइपरायटरमुळे माहीत झालं. टायपिंगच्या क्लासला जाऊन सरकारी परीक्षा दिलेल्या कितीतरी मराठी माणसांच्या बोटांत 'रेमिंग्टन'चा कळफलक अजून बसलेला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन नावाच्या लहानशा गावी १८७३ साली रेमिंग्टनच्या कारखान्याने टाइपरायटर बनवण्याचं काम अंगावर घेतलं. ते त्यांना जमलं याचं कारण साधं होतं. बारीक आणि एकमेकांत चपखल बसणारे लोखंडी भाग बनवणारी माणसं आणि यंत्रं त्यांच्याकडे तयार होती, आणि ती होती रायफलींमुळे.

आज मला बोलायचं आहे ते अशा कारखान्यांच्या रायफलींविषयी, आणि त्यातही त्यांच्या 'कस्टम शॉप' नावाच्या विभागाविषयी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, तेव्हा हा विषय इथल्या ऐकणाऱ्याच्या काय कामाचा, असं कुणी विचारेल. पण 'खास' म्हणून मिळणाऱ्या वस्तूला पाच-सहा पट पैसे मोजताना नेमकं काय पदरात पडतं, हा प्रश्न बंदुकीपुरता नाही. शिवाय या व्यवहारात एका मुक्या जनावराचाही संबंध येतो, त्यामुळे उत्तर जरा जपून द्यावं लागतं.

मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो आणि माझं आयुष्य यंत्रकामात गेलं. मी शिकार करत नाही. पण आमच्या भागात हरणांच्या शिकारीचा मोसम म्हणजे जवळजवळ सणच असतो. २०१८ पर्यंत तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी अनेक शाळा चक्क बंद असायच्या. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. भगव्या-नारिंगी भडक रंगाची जाकिटं घालून आजोबा, मुलगा आणि नात असे तिघं पहाटे रानात निघालेले दिसतात. लोखंडातलं मला थोडंफार कळतं हे ठाऊक असल्यामुळे मोसमाआधी कुणी ना कुणी रायफलीचा प्रश्न घेऊन येतं. त्यातला नेहमीचा प्रश्न हाच: कस्टम शॉपची रायफल घेऊ का?

आधी कस्टम शॉप म्हणजे काय ते पाहू. शिंप्याकडे माप देऊन कपडे शिवणं आणि दुकानातून तयार कपडे आणणं यातला फरक आपल्याला माहीत आहे. कस्टम शॉप या दोन्हींच्या मधलं आहे. मोठ्या कारखान्याच्याच आवारात किंवा शेजारी एक लहान विभाग असतो, त्यात निवडक कारागीर असतात. रायफलीचा मूळ सांगाडा, म्हणजे ज्यात काडतूस बसतं आणि बोल्ट पुढे-मागे सरकतो ती 'अ‍ॅक्शन', बहुधा कारखान्याचीच असते. तिच्यावर हे कारागीर हात फिरवतात. नळी निवडून घेतात, दस्त्यासाठी चांगल्या रेषांचं अक्रोडाचं लाकूड वापरतात, चाप हलका आणि स्वच्छ करतात. गिऱ्हाईक आपल्या आवडीप्रमाणे काही गोष्टी सांगू शकतं. मात्र पूर्ण स्वतंत्र कारागिराकडे पहिल्या खिळ्यापासून बनवून घेतलेली रायफल ती ही नव्हे. तिची किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे सहज जाते. कस्टम शॉपची साधारण तीन ते पाच हजारांत मिळते, आणि दुकानातली साधी पण चांगली रायफल सहाशेच्या आसपास.

कारखान्याचा सांगाडा आणि कारागिराचा हात ही जोडी तशी जुनी आहे. जिम कॉर्बेटची रायफल अनेकांना वाचून माहीत असेल. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना ती भेट दिली होती. ती लंडनच्या रिग्बी कंपनीची होती, पण तिची अ‍ॅक्शन जर्मनीतल्या माउझरची. माउझरचं हे १८९८ सालचं डिझाइन इतकं पक्कं होतं, की आजच्याही निम्म्याअधिक शिकारी रायफलींत त्याचं काही ना काही उरलेलं दिसतं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतले कारागीर लष्करी रायफली घेऊन त्यांना घासूनपुसून, नवा दस्ता चढवून शिकारीच्या करत. न्यूयॉर्कची ग्रिफिन अँड हो ही कंपनी १९२३ साली याच कामावर उभी राहिली.

मग कारखान्यांनीच हे काम आपल्या छपराखाली का आणलं? याचं उत्तर मला विंचेस्टरच्या गोष्टीत दिसतं. १९३६ साली विंचेस्टरने 'मॉडेल ७०' बाजारात आणली. शिकाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. पण तिच्यात यंत्रावर आणि हातावर कामाचे तास फार जात. मजुरी वाढत गेली तसा हिशेब बसेना. १९६४ साली कंपनीने तिची रचना बदलली. बोल्टवरचा काडतूस धरून ठेवणारा मोठा पंजा गेला, दस्त्यावर हाताने कोरलेल्या चौकटींच्या नक्षीच्या जागी ठसा दाबून उठवलेली नक्षी आली. रायफल चालत होती, पण गिऱ्हाइकांच्या मनातून उतरली. तेव्हापासून '१९६४ पूर्वीची' हा शब्दच एक किंमत होऊन बसला. १९९० च्या दशकात कंपनीला तो पंजा परत आणावा लागला. तोवर रेमिंग्टनने १९६२ साली आणलेली 'मॉडेल ७००' खूप पुढे निघून गेली होती. तिची अ‍ॅक्शन गोल नळकांड्यासारखी, लेथवर पटापट निघणारी आणि म्हणून स्वस्त होती. नेमाला ती चांगली होती, पण तिच्यात जुन्या कारागिरीचा थाट नव्हता. तेव्हा स्वस्त माल सगळ्यांसाठी आणि थाट हवा असणाऱ्यांसाठी वेगळा विभाग, अशी वाटणी कारखान्यांच्या सोयीची झाली.

त्या काळी या वेगळ्या विभागाला खरंच काम होतं. रायफलीची गोळी भरकटण्याची कारणं बहुतेक यांत्रिक असतात. नळी अ‍ॅक्शनमध्ये आट्यांनी बसवतात. ती जिथे टेकते तो अ‍ॅक्शनचा काठ अक्षाशी काटकोनात नसेल, तर नळी एका अंगाला जास्त दाबली जाते. बोल्टला दोन दांडे असतात, ते स्फोटाचा दाब झेलतात. त्यातला एकच टेकत असेल, तर प्रत्येक बाराला बोल्ट किंचित तिरका होतो. अ‍ॅक्शन दस्त्यात नीट बसली नसेल, तर धक्क्यासरशी हलते आणि दर वेळी थोड्या वेगळ्या जागी येते. जुन्या यंत्रांवर असे काही हजारांश इंचांचे फरक राहून जात. कुशल कारागीर ते शोधून, घासून, खरवडून काढी. त्याची मजुरी वाजवी होती.

आता काय झालं आहे, तर संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांनी यातलं बरंचसं काम कारखान्यातच करून टाकलं आहे. एकाच पकडीत भाग धरून सगळे पृष्ठभाग एका दमात कापले, की ते आपोआप एकमेकांशी काटकोनात येतात. नळ्याही अनेक कारखान्यांत आता हातोड्याच्या यंत्रावर घडवतात. आत पिळाच्या उलट्या नक्षीची कठीण पोलादी कांब घालायची आणि बाहेरून यंत्राने ठोके द्यायचे, की काही मिनिटांत आतल्या खाचा उमटतात. २०१२ साली आलेली रुगर अमेरिकन ही रायफल पाहा. दस्ता चक्क प्लॅस्टिकचा, दिसायला अगदी साधा. पण त्यात अ‍ॅक्शन टेकण्यासाठी धातूचे ठोकळे बसवलेले आहेत, म्हणजे पूर्वी कारागीर जे काम तासन् तास बसून करी, ते साच्यातच झालेलं. चापाचंही तसंच. सॅव्हेज कंपनीने २००२-०३ च्या सुमारास गिऱ्हाइकाला घरीच हलका-जड करता येणारा सुरक्षित चाप आणला, आणि मग इतरांनाही तसं काही द्यावंच लागलं.

म्हणून पहिला निष्कर्ष असा, की निव्वळ अचूकतेसाठी कस्टम शॉपला पाच पट पैसे देण्याचं कारण आता फारसं उरलेलं नाही.

इथे जाहिरातवाले हमीपत्र पुढे करतात. 'आमची रायफल शंभर वारांवर तीन गोळ्या एका इंचाच्या आत मारते.' ऐकायला भारी वाटतं. पण वेदरबी कंपनी आपल्या साध्या व्हॅनगार्ड रायफलीलाही अशीच हमी देते, तेव्हा ही काही कस्टम शॉपची मक्तेदारी नाही. दुसरं म्हणजे तीन गोळ्या हा फार लहान नमुना आहे. एकाच रायफलीतून तीन-तीन गोळ्यांचे बरेच गट मारले आणि त्यांचा पसारा सरासरी एक इंच आला, तर तीच रायफल पाच गोळ्यांच्या गटात साधारण सव्वा इंच दाखवेल आणि दहा गोळ्यांच्या गटात दीड इंचाहून थोडं जास्त. रायफल बिघडली नाही, आपण तिला जास्त संधी दिली एवढंच. तेव्हा हमी वाचताना किती गोळ्या, कुठली काडतुसं आणि कितीदा, हे तीन प्रश्न विचारावेत. 'एकदा तीन गोळ्या लागल्या' ही हमी नव्हे, आठवण झाली.

आता हा इंच रानात किती महत्त्वाचा, याचा हिशेब करू. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जो भाग होतो, तो साधारण आठ इंच व्यासाचा धरतात. गोळी तिथे लागली तर जनावर काही क्षणांत जातं, तडफडत नाही. दोनशे वारांवर एक इंची रायफलीचा पसारा दोन इंच होतो, दीड इंचीचा तीन. दोन्ही आठ इंचांत आरामात बसतात. उलट ताशी दहा मैल आडवा वारा त्याच अंतरावर .३०८ ची नेहमीची गोळी साधारण तीन इंच बाजूला नेतो. म्हणजे वारा न ओळखण्याची किंमत दोन रायफलींमधल्या फरकाच्या कितीतरी पट आहे.

आमच्या शेजाऱ्यांची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. साठी ओलांडलेले, गिरणीत काम करून निवृत्त झालेले गृहस्थ. एका मोसमात त्यांनी मोकळ्या शेतापलीकडच्या हरणावर सुमारे अडीचशे वारांवरून गोळी झाडली. ती खाली लागली. जखमी जनावर झाडीत शिरलं. काळोख पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी रक्ताचा माग काढला, हरीण सापडलं नाही. त्यांनी हे फार मनाला लावून घेतलं. पुढच्या मोसमाआधी ते एका कस्टम शॉपचं माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले. निवृत्तीच्या पैशांतले साडेचार हजार डॉलर बाजूला काढले होते. म्हणाले, "पुन्हा असं व्हायला नको. आता चांगलीच रायफल घेतो."

मी म्हटलं, आधी आहे ती तपासू. त्यांची थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) तीस वर्षं जुनी होती. नेमबाजीच्या मैदानात वाळूच्या पिशव्यांवर टेकवून त्यांनी शंभर वारांवर पाच गोळ्या मारल्या. पसारा पावणेदोन इंच. अडीचशे वारांवर हेच साडेचार इंचांच्या आत राहिलं असतं. म्हणजे रायफल निर्दोष. मग मी त्यांना त्या दिवशी बसले होते तसं, कशाचाही आधार न घेता बसून मारायला सांगितलं. आता त्याच शंभर वारांवर पसारा जेवणाच्या ताटलीएवढा, नऊ इंचांचा झाला. अडीचशेवर तो बावीस इंचांच्या वर जातो. शेवटी विचारलं, दुर्बिणीचा नेम किती अंतराला जुळवला आहे? म्हणाले, शंभर वारांना. शंभरला जुळवलेल्या थर्टी-ऑट-सिक्सची गोळी अडीचशे वारांवर साधारण आठ-नऊ इंच खाली जाते. त्यांनी नेम हृदयावर धरला होता, आणि गोळी तिथून एक वीतभर खाली लागली होती.

साडेचार हजारांची रायफलही तेवढीच खाली मारणार, कारण गुरुत्वाकर्षण माहितीपत्रक वाचत नाही. वीस काडतुसांचा एक डबा त्यांना दोन मोसम पुरायचा, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं. खरं दुखणं तिथे होतं. त्यांनी त्या वर्षी रायफल घेतली नाही. बऱ्यापैकी काडतुसं घेतली, नेम दोनशे वारांना जुळवला, दुर्बिणीचे स्क्रू योग्य जोराने आवळून घेतले आणि उन्हाळाभर दर आठवड्याला मैदानात गेले. बसून मारताना गोफेच्या पट्ट्याचा आधार घ्यायला शिकले. आणि एक नियम घालून घेतला, की मैदानात ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या आठ इंचांत जात नाहीत, त्या अंतरावर रानात चाप ओढायचा नाही. त्यांचं ते अंतर ठरलं दीडशे वार. पेनसिल्व्हेनियाच्या झाडीत त्याहून लांबची संधी क्वचितच येते.

मग कस्टम शॉप कुणी घ्यावीच नये का? तसं नाही. मला तीन माणसं दिसतात ज्यांनी तिचा जरूर विचार करावा.

पहिला, ज्याचं शरीर कारखान्याच्या मापात बसत नाही. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी साध्या रायफलींत साडेतेरा इंचांच्या आसपास असते. लांब हातांच्या माणसाला ती आखूड पडते, ठेंगण्या बाईला किंवा मुलीला लांब. दस्ता खांद्यात बसला नाही तर डोळा दुर्बिणीमागे येत नाही, धक्का जास्त बसतो आणि माणूस बार होण्याआधीच दचकतो. डावखुऱ्यांचंही तसंच. आता काही कारखाने डावखुऱ्या अ‍ॅक्शन आणि कमी-जास्त होणारे दस्ते बनवतात, तेव्हा आधी ते पाहावं. पण तरीही नाही जमलं तर मापाचा दस्ता ही चैन नाही, गरज आहे.

दुसरा, ज्याला कारखाना बनवत नाही असंच काही हवं आहे. एखादं जुनं, कमी खपाचं काडतूस, विशिष्ट लांबीची नळी, कमी वजनाचा सांगाडा. डोंगर चढून जाणाऱ्याला एक पौंड कमी होण्याचं मोल कळतं. मात्र हलकी रायफल धक्का जास्त देते, हेही ध्यानात ठेवावं.

तिसरा, ज्याला ती वस्तू म्हणूनच आवडली आहे. अक्रोडाच्या लाकडातल्या धुरासारख्या रेषा, लाकूड आणि पोलाद यांच्या सांध्यात कागदही शिरणार नाही अशी जुळणी. यात गैर काही नाही. पैठणी थंडी घालवण्यासाठी कुणी घेत नाही. फक्त आनंदासाठी घेतो आहोत हे स्वतःशी कबूल करावं आणि अचूकतेचं निमित्त पुढे करू नये.

या तिघांनीही पैसे भरण्याआधी कंपनीला लेखी विचारावं, की साध्या मॉडेलपेक्षा नेमके कोणते भाग वेगळे आहेत? नळी कुणाची? अ‍ॅक्शन खरंच पुन्हा कापून सरळ केली, की फक्त चकचकीत केली? अ‍ॅक्शनला दस्त्यात बैठक हाताने दिली का? चाप कुणाचा? पुष्कळदा फरक लाकडात, रंगात आणि कोरलेल्या नावात असतो. तसं असेल तर साधी रायफल घेऊन स्थानिक कारागिराकडून चाप आणि बैठक नीट करून घेणं थोडक्यात भागतं.

किमतीतला आणखी एक वाटा सहसा दिसत नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर उत्पादकाला ११ टक्के कर भरावा लागतो आणि तो पैसा राज्यांकडे वन्यजीव संवर्धनासाठी जातो. वर्षाला पन्नासहून कमी बंदुका बनवणाऱ्या लहान कारागिराला यातून सूट आहे. मोठ्या कंपनीच्या कस्टम शॉपला ती मिळत नाही. हा वाटा रानाकडेच परत जातो, तेव्हा त्याबद्दल कुरकुर करू नये.

शेवटचा मुद्दा हमीचा. 'आजीवन हमी' असं लिहिलेलं असतं तेव्हा आपण ते आपलं आयुष्य समजतो. पण ते कंपनीचं आयुष्य असतं. रेमिंग्टनने २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरी जाहीर केली, दुसऱ्या वेळी कंपनीचे तुकडे करून विकले गेले, आणि इलियनचा तो कारखाना २०२४ साली बंद झाला. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना तर २००६ सालीच बंद पडला होता. म्हणून जिचे भाग कुठल्याही गावात मिळतात आणि जी कुठलाही जाणता कारागीर उघडून दुरुस्त करू शकतो, अशीच रायफल घ्यावी, मग ती साधी असो की खास. नातवंडांच्या हाती द्यायची असेल तर हे लाकडाच्या रेषांहून महत्त्वाचं आहे.

तेव्हा हिशेबाचा क्रम असा ठेवावा. आधी आहे ती रायफल टेकवून तपासा. मग न टेकवता स्वतःला तपासा. या दोन आकड्यांत जो मोठा असेल, तिथे पैसे घाला. बहुतेकांचा दुसराच मोठा निघतो, आणि त्यावरचा उपाय काडतुसांच्या डब्यात मिळतो. पहिला मोठा निघाला, माप बसत नाही असं दिसलं, किंवा लाकूड पाहून मन भरून आलं आणि खिशाला परवडत असलं, तर कस्टम शॉपला खुशाल पत्र लिहा. वर्षभर थांबावं लागलं तरी थांबा, आणि ते वर्ष मैदानात घालवा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)